शस्त्रक्रिया शक्य नसते तेव्हा

फुफ्फुसाचा कर्करोग छातीच्या मधल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला, की बरेचदा शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणून आशा सोडू नये. प्रकृती झेपणारी असेल, तर केमो आणि रेडिएशन एकाच वेळी देतात: रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस थोडे थोडे, सहा आठवड्यांत साधारण 60 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक). केमोतले सिस्प्लॅटिन हे औषध पेशींना डीएनएची दुरुस्ती करू देत नाही, त्यामुळे किरणांचा मारा अधिक लागू पडतो. त्रासही वाढतो. अन्ननलिका सुजते, मऊ वरणभातही गिळवत नाही. हे अंगावर काढू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. उपचारात खंड पडणे घातक. हे उपचार संपल्यावर आजार न वाढलेल्यांना ‘पॅसिफिक’ या औषध-चाचणीत वर्षभरापर्यंत ड्युर्व्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले. पाच वर्षांनी त्यांतले सुमारे 43 टक्के हयात होते, ते न मिळालेल्यांतले 33 टक्के.