ससा लोळतो तेव्हा

ससा पाळलेल्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते. "एवढ्या हौसेनं आणला, पण नुसता लोळत असतो हो!" दुपारी बाराला बघावं तर स्वारी सोफ्याखाली अंग पसरून पडलेली. चेंडू टाकला तरी ढुंकून बघत नाही.

आता त्याच माणसांना पहाटे साडेपाचला उठून बघायला सांगा. अंधुक उजेडात तोच ससा हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुसाट पळत असतो. मधेच हवेत झेप घेतो आणि अधांतरी अंगाला असा पीळ देतो, की डोकं एकीकडे आणि मागचे पाय भलतीकडे! सशांचे शौकीन या उडीला 'बिंकी' म्हणतात. ससा मनापासून खूश असला की ती मारतो.

पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या हुंदडायच्या वेळा, आणि आपण त्याची परीक्षा घेतो भरदुपारी. जगातले यच्चयावत पाळीव ससे स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्समधल्या एकाच रानसशाचे वंशज आहेत. दिवसाउजेडी डोक्यावर गरुड फिरत असताना बिळात पडून राहण्यातच त्याचं शहाणपण होतं. (आपल्या माळरानावर दिसणारा ससा मात्र याचा लांबचा भाऊबंद. तो बीळ खणत नाही, त्याची पिल्लं उघड्यावर जन्मतात आणि जन्मतानाच अंगावर केस, डोळे उघडे! घरातल्या सशाची पिल्लं मात्र उघडीबोडकी आणि आंधळी जन्मतात, कारण हे घराणंच बिळातलं.)

बरं, पहाटेही तो हलत नसेल तर? मग त्याचे तळवे उलटून बघा. कुत्र्या-मांजराच्या पायाला असतात तशा मऊ गाद्या तिथे नाहीतच, नुसते दाट केस आहेत. मातीत, गवतात त्यांची पकड उत्तम बसते. पण आपल्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सवर? प्रत्येक पावलाला घसरगुंडी! कितीतरी 'सुस्त' ससे नुसते घसरण्याला घाबरलेले असतात. जुनी सतरंजी अंथरा आणि मग बघा. डेन्मार्कमधल्या याबो नावाच्या सशाने १९९९ मध्ये ३ मीटर लांब उडी मारली होती. आणि असा प्राणी आपण टीव्हीच्या खोक्याएवढ्या पिंजऱ्यात ठेवतो! सशांच्या कल्याणासाठी काम करणारी एक ब्रिटिश संस्था दोन सशांसाठी निदान ३ बाय २ मीटर मोकळी जागा आणि १ मीटर उंची सुचवते. मला तरी हे मागणं मुळीच अवाजवी वाटत नाही.

पण सशाला हलतं ठेवायचं ते केवळ त्याच्या करमणुकीसाठी नव्हे. खरी गंमत त्याच्या पोटात आहे. सशाला उलटी करता येत नाही. गिळलेलं मागे फिरत नाही, ते पुढेच जायला हवं. मुंबईच्या लोकलसारखं आहे हे. पुढची गाडी अडकली की मागच्या सगळ्या जागच्या जागी थांबतात. मग ही वाहतूक चालू कोण ठेवतं? एक तर सशाची हालचाल, आणि दुसरा गवतातला जाडाभरडा चोथा! तो सशाला फारसा पचतच नाही. आतडं त्याला निवडून बाजूला काढतं आणि कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपात बाहेर टाकतं. बारीक कण मात्र उलट दिशेने एका मोठ्या पिशवीत ढकलले जातात. तिथे जिवाणू ते आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार करतात. हा ऐवज द्राक्षांच्या घडासारख्या मऊ गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो आणि ससा तो थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. शी म्हणू नका, एकाच घासातून दोनदा जेवण काढायची ही करामत आहे.

म्हणून वाळलेलं गवत दिवसरात्र समोर हवं. दातांसाठीसुद्धा तेच हवं, कारण पुढचे दात वर्षाला दहा सेंटिमीटर तरी वाढतात आणि चावून चावूनच झिजतात. बिस्किट-पावाने यातलं काहीच होत नाही, आणि गाजर म्हणजे त्याच्यासाठी मिठाई.

आता खेळ. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तो मान न वळवता मागचंही पाहतो. पण नाकासमोर धरलेली कोथिंबिरीची काडी? ती त्याला दिसतच नाही! तिथे त्याचा आंधळा कोपरा आहे. ती तो वासाने, मिश्यांनी, ओठांनी शोधतो. शोधणं हाच त्याचा धंदा, मग ताटलीत वाढून तो हिरावून का घ्यायचा? गवत खोक्यात कोंबा, हरळीच्या जुड्या कागदात गुंडाळून दडवा. दोन्ही बाजूंना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका झालं बीळ. एका खोक्यात कागदाचे कपटे भरा, तो पुढच्या पायांनी ते बेभान उकरील. मग खोक्याला हनुवटी घासेल. तिथे गंधग्रंथी असतात, म्हणजे 'हे माझं' असा शिक्का बसला! विजेच्या वायरी तेवढ्या आधी उचलून ठेवा.

उन्हाळ्यात मात्र खेळाचा आग्रह धरू नका. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली बरीचशी उष्णता तो त्या लांब कानांतल्या रक्तवाहिन्यांमधून बाहेर सोडतो. नागपूरचा मे महिना त्या कानांच्या आवाक्याबाहेरचा आहे. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी ठेवा, तो तिला टेकून पडेल.

शेवटी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लोळणारा ससा गवत खात असेल आणि लेंड्या टाकत असेल, तर खुशाल लोळू द्या. पण सलग दहा-बारा तास त्याने काही खाल्लं नाही, लेंड्याही दिसल्या नाहीत, तर त्याला आळस समजू नका. पोटातली वाहतूक थांबलेली असू शकते. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.