वायर गरम होत नाही, तरी बॅटरी उपाशी

उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवर नवा डेक चढतो, दोन मोठे स्पीकर येतात, पुढे-मागे चार जादा लाइट लागतात. महिनाभरात एका सकाळी ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही. मग धक्का मारणं, मग नवी बॅटरी. तीही बसते, तेव्हा ‘डायनामो कमजोर आहे’ असा निकाल लागतो. (दुकानाच्या पाटीवर अजून ‘सेल्फ-डायनामो’ लिहिलेलं असलं, तरी गाडीत बसलेला असतो तो अल्टरनेटर.) या सगळ्या धावपळीत अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत गेलेल्या वायरकडे कुणी बघत नाही. त्या वायरबद्दलचे काही पक्के गैरसमज इथे तपासू.

गैरसमज १ : वायर गरम होत नाही, म्हणजे ती पुरेशी जाड आहे.

वस्तुस्थिती : गरम होणं ही शेवटची पायरी. बॅटरीची उपासमार त्याच्या बरीच आधी सुरू होते. १२ व्होल्टच्या गाडीत अल्टरनेटर साधारण १४.२ व्होल्ट देतो आणि भरलेली बॅटरी असते १२.७ व्होल्टच्या आसपास. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरायला हाताशी असलेला जोर जेमतेम दीड व्होल्टचा. वायर जे काही खाते, ते या दीड व्होल्टमधून.

हिशेब सोपा आहे. वायरची लांबी मीटरमध्ये घ्या, तिला अँपिअरने गुणा, पुन्हा ०.०२१ ने गुणा आणि वायरच्या स्क्वेअर एमएमने भागा. येईल तो आकडा म्हणजे वाटेत गेलेले व्होल्ट. (थंड तांब्यासाठी ०.०१७५ धरतात. बोनेटखाली वायर ७० अंशांपर्यंत तापली की तिचा अवरोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणून ०.०२१.)

समजा अल्टरनेटर ४५ अँपिअरचा आहे आणि वायर डॅशबोर्डवरच्या अँमीटरला वळसा घालून बॅटरीकडे जाते, एकूण ३ मीटर. वायर ६ स्क्वेअरची असेल तर वाटेत ०.४७ व्होल्ट जातात, म्हणजे दीड व्होल्टमधला जवळपास तिसरा हिस्सा. एवढ्याने वायर जळत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. तिच्या जागी १६ स्क्वेअरची टाकली, तर घट ०.१८ व्होल्टवर येते.

बॅटरी भरत आली की ती करंट कमी घेते आणि घटही कमी होते, हे खरं. पण डेकची आणि जादा लाइटांची वायर बहुतेक वेळा बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलेली असते. त्यामुळे त्यांचा करंटही आधी याच वायरमधून येतो आणि घट तशीच राहते.

गैरसमज २ : अडीच स्क्वेअरच्या वायरवर घरात गिझर चालतो, मग गाडीत ती का चालू नये?

वस्तुस्थिती : घरात २३० व्होल्ट असतात. २००० वॅटचा गिझर तिथे जेमतेम ९ अँपिअर घेतो. तेवढीच शक्ती १४ व्होल्टवर हवी असेल, तर सुमारे १४३ अँपिअर लागतील. शिवाय २३० मधले २ व्होल्ट वाटेत गेले तर गिझरला पत्ताही लागत नाही, पण १४.२ मधले २ गेले की चार्जिंगच थांबलं. आणखी एक गोष्ट : घरच्या फिटिंगच्या काही वायरींत मोजक्या जाड तारा असतात. इंजिनाच्या थरथरीत त्या लवकर तुटतात. गाडीला बारीक तारांची लवचीक वायरच हवी.

गैरसमज ३ : दिसायला जाड ती वायर जाड.

वस्तुस्थिती : वरचं प्लॅस्टिक करंट वाहत नाही. आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ मोजायचं असतं. तांब्याचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज हमखास फसतो. गेजवरही विसंबू नका. गेजचा आकडा वाढतो तशी वायर बारीक होते, आणि गेजच्या पद्धतीही दोन आहेत. ब्रिटिश पद्धतीत १० गेज म्हणजे ८.३ स्क्वेअर, अमेरिकन पद्धतीत ५.२६. दुकानात स्क्वेअर एमएममध्येच मागा.

स्वस्तातली वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियमचा अवरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, म्हणजे तिथे १६ स्क्वेअर हे १० सारखं वागतं.

गैरसमज ४ : जाड वायर टाकली की अल्टरनेटरवर लोड येऊन तो जळतो.

वस्तुस्थिती : करंट किती लागणार हे बॅटरी, लाइट आणि डेक ठरवतात. वायर फक्त वाट देते. पार उतरलेली बॅटरी जाड वायरीतून सुरुवातीला थोडा जास्त करंट घेईल, पण अल्टरनेटरची रचनाच अशी असते की तो आपल्या क्षमतेच्या फार पुढे जाऊ शकत नाही. जाड वायरीचा तोटा म्हणाल तर जादा पैसे आणि वळवायला होणारा त्रास, इतकाच.

गैरसमज ५ : फ्यूज सारखा उडतो, मोठा टाकला की झालं.

वस्तुस्थिती : फ्यूज असतो तो वायरीसाठी. वायर सोसेल त्यापेक्षा फ्यूज मोठा टाकला, किंवा त्या जागी चांदीचा कागद गुंडाळला, तर शॉर्ट झाल्यावर वायरच फ्यूजचं काम करते, म्हणजे पेटते. शॉर्टमध्ये बॅटरी शेकडो अँपिअर ओकू शकते, म्हणून फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. आधी वायर जाड करा, मग तिच्या मापाने फ्यूज ठरवा.

गैरसमज ६ : प्लसची वायर बदलली की काम झालं.

वस्तुस्थिती : जेवढा करंट प्लसने जातो, तेवढाच अर्थिंगने परत येतो. रंगावर घट्ट केलेला बोल्ट, गंजलेली पट्टी किंवा नुसती पिळून टेप मारलेली जोडणी नव्या वायरीवरचा खर्च वाया घालवते. अर्थिंगची जागा खरवडून चकचकीत करा आणि टोकाला थिंबल नीट दाबून बसवा.

आता मोजमाप. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवा आणि लाइट, डेक सगळं चालू करा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घेऊन एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टला, दुसरं बॅटरीच्या प्लसला लावा. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर वायर ठीक. ०.५ च्या घरात गेला तर आधी टोकं साफ करा. तरी उतरला नाही, तर वायर बदला. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये हेच करा. नवी बॅटरी विकत आणायला निघण्याआधी हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या. बॅटरी वायरीमुळे उपाशी आहे का, ते त्यातूनच कळेल.