तुणतुण्याची तार

‘तेच ते तुणतुणे वाजवू नका,’ असे आपण सहज म्हणतो. शब्द हेटाळणीचा, परंतु ज्या वाद्यावरून तो आला, त्याला तारच एक, आणि गाणाऱ्याचा षड्ज अखंड धरून ठेवणे हेच त्याचे कार्य. सत्यशोधक जलशांनी तमाशातील गण-गौळणीचा आशय पालटला, ढोलकी-तुणतुण्याची साथ मात्र ठेवली. तीच वाट पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी चालविली.

वाद्याची रचना साधी. लाकडी नळकांड्याचे खालचे तोंड चामड्याने मढविलेले असते. चामड्याच्या मध्यातून पोलादी तार आत शिरते, नळकांड्यातून वर जाते आणि बाजूला ठोकलेल्या दांड्याच्या खुंटीला गुंडाळली जाते. तारेचा सारा ताण असा चामड्यावर येतो. महाड-पोलादपूरच्या पावसात चामडे सैलावते, स्वर उतरतो. मुले खुंटी पिळतात. ऊन पडून चामडे आवळले की तार तुटते. म्हणून आधी चामडे हलक्या उबेवर सुकवावे, मगच खुंटीला हात लावावा.

तार कोणत्या जाडीची घ्यावी? लांबी आणि ताण तेच ठेवून जाडी दुप्पट केली, तर स्वर एक सप्तक खाली येतो. फ्रेंच विद्वान मेर्सेन याने १६३६ साली तारांचे हे नियम ग्रंथबद्ध केले. बारीक तार खाली उतरविली की ढिली पडून खरखरते. जाड तार वर चढविली की चामड्यावर फार ताण येतो.

हे मला उशिरा उमगले. आमच्या पथकाचे तुणतुणे लहान मुलांच्या गळ्यानुसार काळी पाचला लावलेले असे. चौदाव्या वर्षी एका गुणी मुलाचा आवाज फुटला. मी त्याला ‘वर चढव’ म्हणत राहिलो. तार बदलण्याचे मला सुचले नाही. त्या वर्षी २० मार्चला, चवदार तळ्याच्या स्मृतिदिनी, तो गायला नाही, पुढेही नाही.

आता आम्ही दोन तुणतुणी बाळगतो. लहानांसाठी बारीक तारेचे, मोठ्यांसाठी जाड तारेचे. आधी मुलाला मोकळेपणाने गाऊ द्यायचे, त्याचा षड्ज पेटीवर शोधायचा आणि मग तार खालून हळूहळू त्या स्वरापर्यंत चढवायची. नवी तार ताणली जाऊन वारंवार उतरते. म्हणून ती कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीच बसवितो.