अभ्यासिकेचे नेट नेमके कुठे अडते?

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आणि अभ्यासिकेचे नेट बंद! आपण लगेच कंपनीला दोष देतो. आधी तपासूया. माईक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली ‘पिंग’ ही छोटी आज्ञा बहुतेक संगणकांत असते. ती दुसऱ्या यंत्राला हाक मारते आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. पहिली हाक राउटरला. तोच गप्प असेल तर बिघाड आपल्या वायरीत किंवा वायफायमध्ये. राउटर बोलतोय, पण बाहेरचे कोणीच नाही, तर बहुधा लाइन गेलेली. मग खुशाल तक्रार करा. हीच हाक दर पाच मिनिटांनी आपोआप मारून नोंद ठेवली, की तारीख-वेळेसह बोलता येते. आम्ही ठेवली, तेव्हा आमचीच वायर सैल निघाली.