जुन्या लॅपटॉपवर हलके लिनक्स

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच चालतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतरीत्या बाद ठरले. जालन्याच्या मोंढ्यातल्या आडत दुकानात हिशेबाला ठेवलेला किंवा भोकरदन-परतूरकडच्या घरात मोठ्या मुलाकडून धाकट्याकडे आलेला लॅपटॉप बहुधा याच पिढीतला असतो. तो भंगारात काढण्याचे कारण नाही. हलकी लिनक्स प्रणाली टाकली की टायपिंग, हिशेब, अभ्यास आणि इंटरनेट एवढी कामे तो आणखी काही वर्षे नीट करतो.

सुरुवात स्क्रू काढण्यापासून करावी. मागचे झाकण उघडले की पंख्याच्या तोंडाशी धूळ आणि तंतूंचा नमद्यासारखा थर दिसतो. काळ्या मातीच्या या भागात तो लवकर साचतो, हवा अडते, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. मऊ ब्रशने हा थर काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा. त्याच वेळी हार्डडिस्कही पाहून घ्यावी. जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेकदा फिरत्या हार्डडिस्कमुळे. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली, तर जो फरक पडतो तो कोणतीही प्रणाली बदलून पडत नाही. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील, तर ते इथे करावेत. रॅम ४ जीबी असल्यास उत्तम. २ जीबीवर काम होते, पण ब्राउझरचे मोजकेच टॅब उघडता येतात.

आता प्रणालीची निवड. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. लुबुंटू १९.०४ पासून ३२ बिटसाठी मिळत नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. तेवढ्या जुन्या यंत्रासाठी अँटिएक्स २३ हा पर्याय आहे.

लुबुंटूची आयएसओ फाइल सुमारे ३ जीबीची असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर ती एका दिवसात उतरत नाही, म्हणून टोरेंटने घ्यावी. तुटलेले डाउनलोड पुढे चालू राहते. उतरलेल्या फाइलची एसएचए २५६ बेरीज संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. अर्धवट फाइलमुळे इन्स्टॉल मध्येच अडकते आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. मग रुफस किंवा व्हेंटॉयने पेनड्राइव्ह तयार करावा, लॅपटॉप सुरू करताना एफ १२ (एचपीवर बहुधा एफ ९) दाबावे आणि पेनड्राइव्हवरून बूट करावे.

लगेच इन्स्टॉल करू नये. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा तिथेच तपासावेत. ब्रॉडकॉम चिप असलेल्या काही जुन्या यंत्रांत वायफाय दिसत नाही. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करावे आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा. सेवा केंद्राचा लॅपटॉप मात्र सरसकट लिनक्सवर नेऊ नये. आधारच्या बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचे सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतली पत्रेही फॉन्ट बसवल्याशिवाय वाचता येत नाहीत. ती आधी युनिकोडमध्ये बदलून ठेवावीत.

सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतल्यावरच प्रत्यक्ष इन्स्टॉल करावे. लुबुंटूचा कॅलामारेस हा इन्स्टॉलर भाषा, वेळक्षेत्र, कीबोर्ड असे क्रमाने विचारतो. जपून उत्तर द्यायचे ते डिस्कच्या प्रश्नाला. ‘डिस्क पुसा’ म्हटले की विंडोज आणि फाइली दोन्ही जातात. होमसाठी, म्हणजे आपल्या फाइलींच्या जागेसाठी, डिस्कवर वेगळे पार्टिशन ठेवले तर पुढे प्रणाली नव्याने टाकतानाही फाइली जागच्या जागी राहतात. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक मांडणी जोडावी.

खरी कसोटी अपग्रेडची. रोजच्या दुरुस्त्या वेगळ्या आणि आवृत्ती बदलणे वेगळे. लुबुंटूच्या एलटीएस (दीर्घ पाठबळाच्या) आवृत्तीला ३ वर्षे पाठबळ मिळते, २४.०४ ची मुदत एप्रिल २०२७ पर्यंत आहे. एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवरच जाता येते, मधली गाळता येत नाही. १८.०४ वर अडकलेल्यांनी अपग्रेडच्या नादी लागू नये: मध्ये डेस्कटॉप एलएक्सडीईवरून एलएक्सक्यूटीवर गेला, तेव्हा नव्याने इन्स्टॉल करणेच सुरक्षित.

अपग्रेड तासन् तास चालते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा दहा मिनिटेही टिकत नाही. वळवाच्या दिवसांत वीज जाणे नित्याचे, म्हणून लॅपटॉप इन्व्हर्टरच्या लाइनवर असल्याशिवाय सुरुवात करू नये. मध्ये एखादी सेटिंग फाइल बदलायची का असे विचारले जाते; आपण तिच्यात काही केले नसेल तर नवी घ्यावी. वीज गेलीच, तर पुन्हा सुरू करून टर्मिनलमध्ये डीपीकेजी या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला अर्धवट पॅकेजे पूर्ण करायला सांगणारी ‘कॉन्फिगर’ आज्ञा द्यावी आणि त्यानंतर एपीटीकडून तुटलेले दुवे जोडून घ्यावेत. डेस्कटॉप आला नाही तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबून टर्मिनल बहुधा मिळते. तेही न मिळाल्यास पेनड्राइव्हवरून बूट करून होमचे पार्टिशन तसेच ठेवावे आणि मूळ प्रणाली पुन्हा टाकावी.