हृदयशस्त्रक्रियेत रक्त: किती आणि केव्हा

हृदयशस्त्रक्रिया म्हटली की चार-सहा पिशव्या रक्त लागणारच आणि जितके अधिक रक्त चढेल तितकी अंगात ताकद लवकर येईल, ही समजूत बडोद्यातील दांडिया बाजारच्या मराठी कुटुंबांत आणि पादरा भागातून उपचारांसाठी येणाऱ्या शेतकऱ्यांत सारखीच आढळते. वास्तविक दात्याचे रक्त चढवणे हे एक प्रकारचे पेशीरोपणच असून त्यातून ताप, अॅलर्जी, फुप्फुसांत पाणी साचणे आणि क्वचित संसर्ग संभवतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पाच हजार जोखमीच्या रुग्णांवरील ‘ट्रिक्स-३’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात हिमोग्लोबिन (१०० मिलिलिटर रक्तातील ग्रॅममध्ये) ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेला गट, शस्त्रक्रियागृहात व अतिदक्षता विभागात ९.५ च्या खाली येताच रक्त दिलेल्या गटाहून मागे पडला नाही. मात्र २०१५ च्या ब्रिटिश अभ्यासात कमी रक्त दिलेल्या गटात मृत्यू थोडे अधिक दिसले होते, म्हणून हा आकडा डोळे मिटून लावण्याचा नव्हे.

रक्त केवळ कापाकापीत वाहून जाते, हाही गैरसमजच. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या आधी एक ते दीड लिटर द्रवाने भरलेल्या असतात आणि तो द्रव रुग्णाच्या रक्तात मिसळतो. ४५ किलो वजनाच्या स्त्रीच्या अंगात जेमतेम तीन लिटर रक्त असते. तिचे हिमोग्लोबिन १० असेल तर सव्वा लिटर द्रव मिसळताच, एक थेंबही न सांडता, ते सातच्या आसपास येते. नळ्या आखूड ठेवणे, त्यांतील द्रव रुग्णाच्याच रक्ताने मागे ढकलून बाहेर काढणे किंवा बायपास धडधडत्या हृदयावर करणे हे उपाय त्यासाठीच आहेत. जखमेतील रक्त धुऊन लाल पेशी परत देणारे सेल सेव्हर यंत्र आणि गुठळी विरघळू न देणारे ट्रानेक्झॅमिक अॅसिड यांचाही उपयोग होतो, पण या औषधाची मात्रा फार झाल्यास झटके येऊ शकतात.

खरी बचत मात्र टेबलावर जाण्याआधीच्या आठवड्यांत होते, आणि नेमके तिथेच दुर्लक्ष होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार गुजरातमधील १५ ते ४९ वयोगटातील ६५ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत; शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर लोहाची कमतरता शोधून गोळ्यांनी वा शिरेतून लोह देऊन ती भरून काढता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र रुग्णाने परस्पर बंद करू नयेत: क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, तर अॅस्पिरिन अनेकदा चालूच ठेवतात.

उलट, प्रत्येकाचे रक्त वाचवायचेच असेही नाही. २०१३ पर्यंत बडोदे जिल्ह्याचाच भाग असलेल्या छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजार आढळतो. यंत्रावर शरीर थंड केले वा प्राणवायू घटला की या रुग्णांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवू शकतात, त्यामुळे त्यांच्यापैकी काहींचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वी मुद्दाम दात्याच्या रक्ताने बदलावे लागते.