राणीने विचारलं, ‘याचा उपयोग काय?’

घरात मराठी बोलतोच की, मग तिचं व्याकरण कशाला शिकायचं? आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आईबाबांशी यावरून हुज्जत घातली असेल. साधारण असाच प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी स्पेनच्या इसाबेल राणीने एका मास्तरांना विचारला होता. त्यांचं नाव आंतोनियो दे नेब्रिहा.

सेव्हिलजवळच्या लेब्रिहा गावचे हे गृहस्थ इटलीत बोलोन्याला शिकले आणि साल्मान्का विद्यापीठात लॅटिन शिकवू लागले. 1481 साली निघालेलं त्यांचं लॅटिनचं पाठ्यपुस्तक खूप गाजलं. तेवढ्यावर जन्म सुखात गेला असता. पण घरात-बाजारात बोलल्या जाणाऱ्या कॅस्टिलियन भाषेचं, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं, व्याकरण लिहायचं त्यांच्या मनाने घेतलं. त्या काळी व्याकरण म्हटलं की लॅटिनचं, फार तर ग्रीकचं!

नमुना पाहून राणीने उपयोग विचारला. मास्तर तोंड उघडण्याआधीच आविलाचे बिशप बोलले: जिंकलेल्या लोकांना आपले कायदे कळायचे तर आपली भाषा यायला हवी, त्यासाठी हे पुस्तक. ही हकिगत नेब्रिहांनी स्वतःच प्रस्तावनेत दिली आहे, आणि भाषा साम्राज्याच्या सोबतीने चालते असं त्यांचंही मत होतं. सीमाभागात वाढलेल्या वाचकांना हे टोचेल. टोचायलाच हवं.

ऑगस्ट 1492 मध्ये पुस्तक छापून झालं. त्याच महिन्यात कोलंबसची जहाजं निघाली होती. पुस्तकाचे भाग पाच, आणि त्यातला शेवटचा खास परभाषकांसाठी. नामांची, क्रियापदांची रूपं तिथे पुन्हा पहिल्यापासून मांडली आहेत. इथे दरबार मागे पडतो आणि वर्गातला मास्तर दिसतो. (परक्यांना उपयोगी पडावं म्हणून रचलेलं असंच एक व्याकरण आपल्या शेजारचं आहे: फादर स्टीफन्स यांचं कोकणीचं. ते गोव्यात राशोलला 1640 साली छापलं गेलं.) जसं बोलतो तसंच लिहावं, हाही नेब्रिहांचा आग्रह. ऱ्हस्व-दीर्घाने छळलेल्यांनी त्यांना आपलं मानायला हरकत नाही.

गंमत अशी की लॅटिनची पुस्तकं धडाधड खपली, पण या व्याकरणाची दुसरी आवृत्ती त्यांच्या हयातीत निघालीच नाही.

1513 साली साल्मान्कातल्या व्याकरणाच्या अध्यासनासाठी त्यांनी अर्ज केला. वय सत्तरीच्या आसपास, शिकवण्यात आयुष्य गेलेलं. जागा मिळाली एका तरुण उमेदवाराला. ते साल्मान्का सोडून गेले ते कायमचे. कार्डिनल सिस्नेरोस यांनी त्यांना अल्कालाच्या नव्या विद्यापीठात मानाने बोलावलं. वाटेल ते शिकवा, नाही शिकवावंसं वाटलं तर नका शिकवू, अशी सवलत त्यांना दिल्याचं सांगतात.

मास्तर मात्र स्वस्थ बसले नाहीत. 1517 मध्ये त्यांनी कॅस्टिलियनच्या शुद्धलेखनावर एक पुस्तिका काढली. राणी तेव्हा हयात नव्हती. 1522 साली अल्कालातच ते वारले.